नव्या टीव्हीत चेहरे निळे दिसायलेत? पॅनल बदलून मागायच्या आधी हे करून बघा

अहमदपूरच्या एका दादानं विचारलंय की दिवाळीत ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, दुकानात लै भारी दिसत होता, घरी लावला तर माणसांचे चेहरे निळसर पांढरे दिसायलेत, आई म्हणती मालिकेतली माणसं प्लास्टिकची वाटायलीत, क्रिकेटमधे बॉलला शेपूट येतंय आणि पिक्चरमधे रात्रीचा सीन लागला की नुसता अंधार. तर पॅनल खराब निघाला का, आणि नेटवर कुणीतरी त्याच मॉडेलच्या सेटिंगचे आकडे टाकलेत ते तसेच भरू का?

पॅनल ठीक आहे दादा. मी लातूरला २२ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय, पिक्चर ट्यूबच्या डब्यापासून सुरुवात केली, आता एलईडी-ओएलईडी. अशा तक्रारीला गेलो की बहुतेक वेळा पिशवीतला पेचकस बाहेरच निघत नाही, रिमोटवरच काम होतं. आणि मग लोक विचारतात, एवढंच करायचं होतं तर पैसे कशाचे?

सगळ्यात आधी सेटिंगमधे जाऊन टीव्ही 'होम' मोडवर आहे का 'स्टोअर' मोडवर ते बघा, काहींमधे 'रिटेल' किंवा 'डेमो' लिहिलेलं असतं. पहिल्यांदा टीव्ही चालू करताना तो हे विचारतो आणि बसवायला आलेलं पोरगं घाईत काहीतरी दाबून निघून जातं. स्टोअर मोड म्हणजे दुकानात मांडायचा मोड, वर ट्यूबांचा लखलखाट, शेजारी वीस टीव्ही, त्यात जो जास्त चमकतो त्याच्याकडं गिऱ्हाईक जातं, म्हणून बॅकलाइट (पॅनलमागचा उजेड) फुल, रंग भडक, सगळं निळसर. वरून कितीतरी टीव्हीत ह्या मोडमधे तुम्ही सेटिंग बदललं तरी थोड्या वेळानं आपोआप परत पहिल्यासारखं होतं. एक मास्तर महिनाभर रोज संध्याकाळी सेटिंग लावत होते आणि घरच्यांवर चिडत होते की रिमोटला हात कोण लावतं, हात कुणीच लावत नव्हतं.

होमवर घेतलं की एकदा पिक्चर रिसेट मारा आणि पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यातलं जे असेल ते निवडा. फिल्ममेकर मोड २०१९ मधे आला, बऱ्याच कंपन्यांनी मिळून ठरवलेला आहे, त्यात टीव्हीची सगळी उगं-हुशारी बंद होते. 'व्हिव्हिड' आणि 'डायनॅमिक' विसरून जा. 'स्टँडर्ड' मधलं आहे, पण त्यातपण निळं असतंच.

आता मोड बदलल्या बदलल्या तुम्हाला वाटणार की हे काय, टीव्ही पिवळा पडला, ह्या माणसानं बिघडवून ठेवला. सगळ्यांना वाटतं. ह्याचं कारण समजून घ्या, कारण इथंच लोक माघार घेतात. पांढऱ्या सदऱ्याला नीळ देतात का नाही, तसंच टीव्हीवाले पांढऱ्या रंगाला नीळ देतात, डोळ्याला निळसर पांढरं जास्त पांढरं वाटतं. पण नीळ त्या एका सदऱ्यालाच लागत नाही, चेहरा, माती, भाकरी, सगळ्यालाच लागती. पिक्चर, मालिका, मॅच, जे काय बनतं ते ६५०० केल्व्हिनचा पांढरा धरून बनतं (केल्व्हिन म्हणजे पांढऱ्याच्या छटेचं माप, आकडा वाढला की निळसर), त्याला डी-६५ म्हणतात. टीव्हीच्या 'कूल' सेटिंगमधे हाच पांढरा ९-१० हजारच्या पुढंपण जातो. 'वॉर्म' किंवा 'वॉर्म २' लावलं की ६५००च्या जवळपास येतं, सिनेमा मोडमधे बहुतेक तेच असतं.

पटत नसेल तर घरातल्या एलईडी बल्बचं खोकं बघा. आपल्याकडं जो पांढरा बल्ब मिळतो त्याच्यावर 'कूल डेलाइट ६५०० के' छापलेलं असतं. म्हणजे टीव्ही ज्याला वॉर्म म्हणतो तो साधारण तुमच्या घरच्या पांढऱ्या बल्बचाच पांढरा, ह्यात पिवळं काय आलं? रात्री तो बल्ब लावा, कोरा कागद टीव्हीजवळ धरा, टीव्हीवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा आणि एकदा कूल, एकदा वॉर्म करून बघा. स्वस्त बल्ब थोडा हिरव्याकडं झुकतो त्यामुळं ही काय प्रयोगशाळेतली मोजणी नाही, पण नीळ कुठंय ते लगेच दिसतं. एवढं करून आठ दिवस वॉर्मवर राहू द्या. आठ दिवसांनी परत कूल लावून बघा, तुम्हीच म्हणाल की हे निळं आपण बघत कसं होतो.

आता दुसरी गोष्ट, बॅकलाइट. ही माझ्या धंद्याची गोष्ट आहे म्हणून जरा लांबण लावतो.

एलईडी टीव्ही म्हणजे खरं तर एलसीडी, पुढं काचेचा पॅनल आणि बहुतेक टीव्हीत त्याच्या पाठीमागं एलईडीच्या पट्ट्या, आम्ही त्याला स्ट्रिप म्हणतो. बॅकलाइट १०० वर म्हणजे ह्या स्ट्रिप पूर्ण करंटवर. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री, त्यात पत्र्याचं घर नाहीतर वरचा मजला, टीव्ही भिंतीला चिकटवलेला, मागं हवा नाही, आणि सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत चालू, कुणी बघो न बघो. मग ती स्ट्रिप किती दिवस टिकणार? माझ्याकडं येणाऱ्या टीव्हीत 'आवाज येतोय चित्र नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि मोबाईलची बॅटरी स्क्रीनवर मारली की अंधुक चित्र दिसतं, म्हणजे पॅनल जिवंत आहे, स्ट्रिप गेली. एलईडी सिरीजमधे असतात, त्यातला एक गेला की लाईन बंद, नाहीतर सप्लाय प्रोटेक्शनला जातो. अजून एक होतं, पांढरा एलईडी म्हणजे आतला निळा एलईडी आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, उष्णतेनं तो लेप बाद होत जातो आणि तीन-चार वर्षांनी सगळं चित्र निळं-जांभळं पडतं. म्हणून एवढं लक्षात ठेवा, नवा टीव्ही निळा दिसला तर सेटिंग, जुना टीव्ही आधी बरा होता आणि आता निळा पडत चाललाय तर स्ट्रिप, तिथं रिमोटनं काही होणार नाही.

तर बॅकलाइट किती? आकडा मी सांगणार नाही, खोलीवर आहे. रात्री टीव्ही बघायची जी वेळ, जो लाईट लावून बघता तोच लावून बसा, टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या म्हणजे पॅनल गरम होतो, मग बॅकलाइट शंभरपासून खाली आणत जा. पांढरी स्क्रीन आली की डोळे बारीक होत असतील तर अजून खाली. बऱ्याच घरात रात्री शंभरपैकी ३० ते ५० मधे भागतं. दिवसा दार उघडं, समोरून उजेड, तर वेगळा मोड ठेवा आणि त्यात बॅकलाइट वाढवा. दोन मोड ठेवा, एक दिवसाचा एक रात्रीचा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त 'इको' किंवा 'लाइट सेन्सर' चालू असंल तर सेटिंग करताना बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एक लावणार आणि तो वरखाली करत बसणार.

इथं नावांचा एक घोळ आहे आणि ह्याच घोळात लोकांचं रात्रीचं चित्र काळं होतं. पिक्चर ट्यूबच्या काळापासून 'ब्राइटनेस' म्हणजे काळा किती काळा ते ठरवणारं बटण, उजेडाचं नाही. 'कॉन्ट्रास्ट' म्हणजे पांढरा किती पांढरा. पण सोनीच्या आताच्या टीव्हीत 'ब्राइटनेस' म्हणजे बॅकलाइट आणि काळ्याचं बटण 'ब्लॅक लेव्हल' नावानं वेगळं, सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हीतपण 'ब्राइटनेस' बॅकलाइटचं काम करतं आणि अंधारातलं बारीक दिसायसाठी 'शॅडो डिटेल'. म्हणून नाव बघू नका, हलवून काय होतंय ते बघा. पूर्ण चित्राचा उजेड कमी-जास्त होतोय तर तो बॅकलाइट, आणि फक्त काळा भाग राखाडी नाहीतर डांबरासारखा होतोय तर ते काळ्याचं.

ते लावायला यूट्यूबवर 'ब्लॅक लेव्हल टेस्ट पॅटर्न' शोधा. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या असतात, खाली आकडे. व्हिडिओत १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पूर्ण पांढरा. १६ची पट्टी मागच्या काळ्यात मिसळून गेली पाहिजे आणि १७-१८ पासून पुढं जेमतेम दिसायला पाहिजे. वीस-बावीसपण दिसत नसेल तर रात्रीच्या सीनमधली माणसं तुम्हीच गिळून टाकलीत. पांढऱ्यासाठी पॅटर्न नसला तरी चालतं, बातम्या लावा, पुढाऱ्यांचे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे बघा, चुण्या आणि बटणं दिसली पाहिजेत, नुसता पांढरा ठोकळा दिसला तर कॉन्ट्रास्ट खाली आणा. ह्या कामाला पुढाऱ्यांसारखा पॅटर्न नाही.

तेवढ्यानं अंधार गेला नाही तर एचडीएमआयचा रेंज बघा. सेट टॉप बॉक्स १६ ते २३५ वालं ('लिमिटेड') पाठवतो, टीव्ही ० ते २५५ ('फुल') धरून बसला तर चित्र धुरकट, आणि उलटं झालं, म्हणजे बॉक्स फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड धरतोय, तर अंधार. दोन्हीकडं 'ऑटो' ठेवा, नसेल होत तर दोन्हीकडं 'लिमिटेड'. आणि पिवळी-लाल-पांढरी वायर लावली असेल तर आधी ती काढा. एचडी बॉक्सचे पैसे भरायचे आणि एव्हीच्या वायरीनं बघायचं, मी अजूनही अशी घरं बघतो.

शार्पनेस जवळजवळ सगळ्यांचा जास्त असतो. शार्पनेसनं नवीन काही दिसत नाही, कडेला एक पांढरी रेघ ओढली जाती आणि आपल्याला वाटतं चित्र धारदार झालं. मराठी बातम्यांच्या पट्टीवरच्या अक्षरांकडं बघा, अक्षराच्या बाजूनं पांढरी सावली दिसली तर खाली आणा, सावली जिथं गेली तिथं थांबा. काही टीव्हीत हे शून्यावर येतं, सोनीत ५० म्हणजे मधलं, ५०च्या खाली गेलं की चित्र उलट मऊ पडतं. तुमच्या आईला माणसं प्लास्टिकची दिसायलीत त्यात ह्याचा हात आहे, पण निम्माच. बाकीचा निम्मा 'नॉइज रिडक्शन' (चित्रातले दाणे पुसणारं सेटिंग, त्यात बारकावेपण पुसले जातात) आणि मोशनचा.

मोशनचं असं आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो. टीव्ही ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा, २४ काय ६० मधे सरळ बसत नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा, दुसरी दोन वेळा असं दाखवतात, त्यानं कॅमेरा आडवा फिरला की चित्र थोडं अडखळतं. हे झाकायला टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या डोक्यानं तिसरी फ्रेम तयार करतो. एलजीत त्याला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमधे 'ऑटो मोशन प्लस' नाहीतर 'पिक्चर क्लॅरिटी'. त्यानं सगळं इतकं गुळगुळीत होतं की करोडोचा पिक्चर लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. २०१८च्या डिसेंबरमधे टॉम क्रूझनं मुद्दाम व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करा म्हणून सांगितलं होतं, एवढं ते कलाकारांना टोचतं.

आणि बॉलचं शेपूट? आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झच्या हिशोबावर चालतं, क्रिकेटची हालचाल आधीच सेकंदाला ५० वेळा येते, तिला गुळगुळीत करायची गरजच नाही. बॉल बारका आणि जोरात, मधली फ्रेम बनवताना टीव्हीचा अंदाज चुकतो, मग बॉल मधेच गायब नाहीतर मागं शेपूट. बंद करा. दुकानदार उलटं सांगतात की मॅचसाठी मोशन फुल ठेवा, त्यांचं ऐकू नका. बंद केल्यावर पिक्चर फारच अडखळतोय असं वाटलं तर 'कस्टम' मधे 'जडर' (अडखळणं कमी करायचं सेटिंग) दोन-तीनपर्यंत ठेवा, मी माझ्या घरी दोनवर ठेवलंय, शुद्धवाले नावं ठेवतील ठेवू द्या.

रंगाचं लोक सगळ्यात जास्त विचारतात, खरं तर तिथं हात कमीत कमी लावायचा असतो. सिनेमा मोडमधे 'कलर' बऱ्याच टीव्हीत ५०च्या आसपास असतो, जिथं असेल तिथंच राहू द्या, टिंट मधोमध. तपासायला आपल्याला पाठ असलेल्या गोष्टी बघा. हळद, कोथिंबीर, काळी माती, ग्राउंडवरचं गवत. गवत प्लास्टिकच्या चटईसारखं हिरवं दिसलं तर रंग जास्त. चेहऱ्यावर मात्र खास नजर ठेवा, आपली माणसं सावळी, गव्हाळ, आणि व्हिव्हिड मोड सगळ्यांना गुलाबी गोरं करून ठेवतो, कबड्डीच्या मॅचमधे दोन्ही टीमचे खेळाडू एकाच रंगाचे दिसले की समजायचं. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'कलर एन्हान्सर' असलं जे काय आहे ते बंद.

आता ते नेटवरचे आकडे. सिनेमा मोड, वॉर्म, मोशन बंद एवढं बघून घेतलं तर चालतं. पण व्हाइट बॅलन्समधे (पांढऱ्यातलं लाल-हिरवं-निळं कमी-जास्त करायचं सेटिंग) लाल उणे तीन, निळा उणे सात असले आकडे कॉपी करू नका. एकाच मॉडेल नंबरमधे दोन वेगळ्या कारखान्यांचे पॅनल निघतात, मी स्वतः उघडून बघितलेत, एकात आयपीएस, एकात व्हीए, हे एलसीडी पॅनलचे दोन प्रकार. त्याचं औषध त्याच्या पॅनलला, तुमच्या पॅनलला ते लागू पडेलच असं नाही. ते आकडे मीटर लावून काढायचे असतात, स्क्रीनवर मीटर टांगून दहा टक्के राखाडीपासून शंभर टक्के पांढऱ्यापर्यंत एकेक पायरी मोजतात. लाख-दीड लाखाचा ओएलईडी घेतला असेल तर करून घ्या, तीस-चाळीस हजाराच्या टीव्हीला एवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही, त्या पैशात खिडकीला जाड पडदा घ्या, फरक जास्त पडेल. आणि यूट्यूबवर बघून सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीचा लपवलेला मेनू) तर अजिबात शिरू नका, तिथं पॅनलचा प्रकार चुकून बदलला गेला की चित्र उलटं होतं नाहीतर जातंच, मग माझ्याकडंच येता आणि सांगता की आपोआप झालं.

व्हीए-आयपीएस वरून आठवलं, टीव्ही टांगलाय कुठं? आपल्याकडं देवादिकांच्या आणि आजोबांच्या फोटोच्या रांगेत टीव्ही टांगायची पद्धत पडलीय. व्हीए पॅनलचा काळा चांगला असतो पण समोरून बघितलं तरच, खाली सतरंजीवर बसून वर मान करून बघितलं की रंग फिके. आयपीएस बाजूनं बरा दिसतो पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी वाटतो. त्यामुळं आई कोपऱ्यातल्या पलंगावरून बघत असेल आणि तुम्ही समोरून, तर दोघं एकाच टीव्हीवर दोन वेगळी चित्रं बघायलात आणि सेटिंगवरून भांडायलात. खाली घ्या, नाहीतर निदान पुढं झुकणारं स्टँड लावा.

राहिला एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणारा व्हिडिओ, डॉल्बी व्हिजन हा त्याचाच एक प्रकार. रात्रीच्या सीनच्या अंधारात त्याचाही वाटा असू शकतो, वर कोपऱ्यात 'एचडीआर' किंवा 'डॉल्बी व्हिजन' येतंय का ते बघा. साधा व्हिडिओ १०० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) पांढऱ्यावर तयार होतो, एचडीआर पिक्चर १००० नाहीतर ४००० निट्सच्या हिशोबानं. आपला बजेट टीव्ही पेलतो ३०० च्या आसपास. मग तो वरचा उजेड दाबून बसवतो आणि सगळंच खाली जातं. इथं मात्र बॅकलाइट पूर्ण ठेवा, मी वर जे कमी करा म्हणलं ते एचडीआरला लागू नाही, आणि 'टोन मॅपिंग' (जास्तीचा उजेड टीव्हीच्या कुवतीत बसवणारं सेटिंग) असेल तर चालू करा, डॉल्बी व्हिजनमधे 'डार्क' नको 'ब्राइट' घ्या, खोलीतला लाईट कमी करा. एवढं करूनही नाही जमलं तर ॲपमधून एचडीआर बंद करता येत असेल तर करा, साधं चित्र त्या टीव्हीवर जास्त चांगलं दिसेल.

एक मात्र आधीच सांगतो, फ्री डिशवरचे चॅनल बहुतेक एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी बारकाव्याचे आहेत, ५५ इंचावर ते ताणले जाणारच. पूर्वी अंबाजोगाईच्या टॉवरवरून दूरदर्शन यायचं तेव्हा गच्चीवर बांबू फिरवायला एक माणूस आणि खाली 'आलं, आलं, गेलं' ओरडायला दुसरा लागायचा, आता मुंग्या येत नाहीत पण चौकोन येतात. त्याला सेटिंग नाही. फक्त साइजमधे 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' लावा म्हणजे कडा कापल्या जाणार नाहीत, खालची बातम्यांची पट्टी पूर्ण दिसते का त्यावरून कळतं.

बऱ्याच टीव्हीत हे सगळं प्रत्येक इनपुटला वेगळं लावावं लागतं. एचडीएमआय १ ला लावलं म्हणजे यूट्यूबला लागलं असं नाही, आणि एचडीआरचं खातं परत वेगळं. 'अप्लाय टू ऑल इनपुट्स' दिसलं तर ते दाबा. आणि सगळं झालं की प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सॉफ्टवेअर अपडेट आलं की कधी कधी सगळं पुसलं जातं. औसा रोडच्या एका काकांनी तर ते फोटो प्रिंट काढून रिमोटच्या मागं सेलोटेपनं चिकटवलेत, कारण नातू आला की व्हिव्हिड लावून जातो.